जाताना साडेपाच तास, येताना पावणेतेवीस

३ मार्च, संध्याकाळी

मुलीचा फोन. डॉक्टरांनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. म्हणाली, आई तर येईलच, पण बाबा तुम्हीही या, दोघं समोर असलात की मला धीर येईल. मी म्हटलं, येणार म्हणजे काय, येणारच. प्रश्न फक्त नियोजनाचा आहे आणि नियोजन माझ्याकडे.

हिने फोन ठेवला आणि तडक जाऊन बॅग काढली. अजून महिना-दीड महिना आहे! बॅग भरून दाराशी उभी. रात्री जेवायला बसताना अडखळलो. अंगठा ठेचला. बॅग उचल म्हटलं तर म्हणते, राहू द्या, नजरेसमोर असली की बरं वाटतं. मला बरं वाटत नाही, त्याचं काय?

संकल्प: अंतर किती आणि वेळ किती, हे मी स्वतः तपासल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. बस डेपोत पस्तीस वर्षं टाइमकीपर होतो, शेवटची बारा वर्षं तर वेळापत्रक विभागाचा प्रमुख. माझ्या सहीशिवाय एक गाडी हलत नव्हती. विमान हीसुद्धा गाडीच आहे. फक्त वरून जाते.

४ मार्च

समोरच्या फ्लॅटमधले औषधवाले आले. दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून यांना दुसरा उद्योग नाही. अकरा वेळा विमानात बसले आहेत आणि हे दर भेटीत सांगतात. तुमच्या लेकीचं शहर ना, पंधरा तास धरा, म्हणाले. धरा? धरा म्हणजे काय? डेपोत कुणी मला पंधरा तास ‘धरा’ म्हटलं असतं तर त्याला मी दाराबाहेर धरून उभा केला असता.

इंटरनेटवर पाहिलं. एका ठिकाणी बारा हजार पाचशे किलोमीटर. दुसऱ्या ठिकाणी बारा हजार सातशे. तिसऱ्या ठिकाणी तर मैलात. दोन शहरं आहेत, दोन्ही जागच्या जागी आहेत, मग अंतर बदलतं कसं? डोकं फिरलं. आमच्या डेपोत एका मार्गाच्या अंतरात शंभर मीटरची चूक निघाली होती तर मी स्वतः अंतर मोजायचं चाक ढकलत चालत गेलो होतो.

हॉलमधला बल्ब गेला आहे. शिडीवर चढायला हवं. गुडघ्यामुळे थांबलो आहे.

६ मार्च

मुलीच्या खोलीत तिच्या शाळेपासूनचा जगाचा नकाशा आहे. फूटपट्टी लावून सरळ रेघ ओढली. नंतर विमान कंपनीच्या साइटवर त्यांचा मार्ग पाहिला. सरळ जातच नाहीत! मोठी कमान टाकून वर उत्तरेकडून, बर्फातून जातात. नवखा माणूस पाहून रिक्षावाला गावभर फिरवतो, तसं. उघड फसवणूक आहे आणि कुणी एक शब्द बोलत नाही. अकरा वेळा बसलेले औषधवाले अकरा वेळा खिडकीतून काय बघत होते?

हिला नकाशा दाखवला. पृथ्वी गोल असते ना हो, म्हणाली. मी म्हटलं, पस्तीस वर्षं वेळापत्रकं केली, पृथ्वी गोल आहे म्हणून एकाही गाडीला उशीर झाला नाही. ती विणत बसली. नातवंडासाठी पिवळा स्वेटर चालू आहे.

९ मार्च, दुपारी

सापडलं! सापडलं! मला वाटलंच होतं.

थेट विमान आहे, आठवड्यातून दोनदा. त्यांचंच वेळापत्रक, त्यांच्याच तोंडचं: इथून सुटणार ०:४०, तिथे पोचणार सकाळी ६:१०. म्हणजे साडेपाच तास. येताना सुटणार सकाळी दहाला आणि इथे पोचणार दुसऱ्या दिवशी पावणेनऊला. म्हणजे पावणेतेवीस तास! तेच विमान, तोच रस्ता, जाताना साडेपाच आणि येताना पावणेतेवीस!

कागदावर भागाकार केला. जाताना ताशी सव्वादोन हजार किलोमीटर. या वेगात माणसाचे केस जागेवर राहतील का? आणि येताना जेमतेम साडेपाचशे. जाताना बंदुकीची गोळी, येताना बैलगाडी. आमच्याकडे जाण्या-येण्याच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक पडला तर ड्रायव्हरला लेखी खुलासा द्यावा लागायचा. असल्या लोकांच्या हातात मी माझ्या बायकोला द्यायचं? (स्वतःबद्दल मला काही वाटत नाही.)

९ मार्च, जेवणानंतर

जेवताना हिला सगळा प्रकार सांगितला. भाजी वाढता वाढता म्हणाली, पण तिच्याकडची घड्याळं आपल्या साडेनऊ तास मागे आहेत ना, आपण रात्री फोन करतो तेव्हा ती दुपारचं जेवत असते.

हे मला माहीत होतं. मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. ढोबळ तपासणी आधी आणि बारीक दुरुस्त्या नंतर, अशी माझी पद्धत आहे. दुरुस्ती केल्यावर जाताना पंधरा आणि येताना सव्वातेरा निघाले.

पण मग हा पावणेदोन तासांचा फरक कुठून आला? सोडणार नाही.

१२ मार्च

विमान कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन. आधी एक यंत्र बोललं. इंग्रजीसाठी एक दाबा. दाबला. मग संगीत. मग दुसरं यंत्र. मग एकदाची एक माणूस म्हणावी अशी मुलगी. तिला विचारलं, जाताना पावणेदोन तास जास्त का लागतात? म्हणाली, सर, वाऱ्यामुळे. वाऱ्यामुळे! आमचे ड्रायव्हर उशिरा आले की पंक्चर म्हणायचे, ट्रॅफिक म्हणायचे, मोर्चा म्हणायचे. वारा म्हणायची हिंमत पस्तीस वर्षांत एकालाही झाली नाही.

मी म्हटलं, मला लेखी द्या. म्हणाली, सर, तुमचा बुकिंग नंबर? मी म्हटलं, आधी खुलासा, मग बुकिंग. परत संगीत.

औषधवाले म्हणाले, वाऱ्याचं खरं आहे हो, मागून वारा असला की लवकर पोचतं. आणि मधे मधे विमान हलतं ते त्यामुळेच, कधी कधी धाडकन खाली गेल्यासारखं वाटतं, पण काही होत नाही. हसत सांगत होते. अशा माणसाला घरात घेऊच नये.

 

१५ मार्च

मुलीला वाढदिवसाचा फोन केला. दरवर्षीचं नाटक. बाबा, उद्या आहे, म्हणाली. जन्मदाखल्यात सोळा आहे. ती रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी झाली, म्हणून सगळं जग सोळा म्हणतं. मी पंधराच मानतो. डेपोत दिवस पहाटेच्या पहिल्या गाडीने सुरू होतो आणि शेवटची गाडी परत आली की संपतो. मध्यरात्रीनंतर सुटणारी गाडीही त्याच तारखेच्या खात्यात. पंधरा तारखेची शेवटची गाडी रात्री पाऊणला सुटली तरी ती पंधराचीच. घड्याळातले काटे बारावर आले म्हणून कंडक्टरची ड्यूटी संपते का? साधी गोष्ट आहे. लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

मुलगी हसली. मग विचारलं, बाबा, खरं सांगा, तुम्हाला विमानाची भीती वाटते का?

भीती! मला! इतका भडकलो की फोन हिच्या हातात दिला. भीती कसली? डेपोच्या तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल खिडकीपासून लांब हलवून घेतलं होतं, ते हवा लागायची म्हणून. घरी बाल्कनीत उभा राहत नाही, ते कठड्याची उंची नियमापेक्षा कमी आहे म्हणून. लिफ्ट वापरत नाही, ते व्यायाम म्हणून. प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि मी ते वेळोवेळी सांगितलेलं आहे.

२१ मार्च

कमानीचा विषय मनातून जात नव्हता. कपाटावर मुलीचा जुना पृथ्वीचा गोल आहे. हिने स्टुलावर चढून काढून दिला (गुडघा). सुतळी सापडेना. हिच्या टोपलीतली पिवळी लोकर कापून घेतली आणि आपल्या शहरापासून तिच्या शहरापर्यंत ताणून धरली.

लोकर आपोआप वर सरकली. उत्तरेकडे. बर्फातून. नकाशावरच्या माझ्या सरळ रेघेच्या वाटेने लावली तर जास्त लागते, कमानीने लावली तर कमी.

पाच-सहा वेळा केलं. लोकर ताणली जाते, हा तिचा दोष आहे. शास्त्रीय कामाला लोकर चालत नाही. शिवाय हा गोल शाळकरी मुलांचा, त्याचा काय भरवसा? तरी नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो: आपल्या शहरापासून तिच्या शहरापर्यंत, दीड वीत.

संध्याकाळी हिची ओरड. दुसऱ्या बाहीच्या टोकाला नेमकी तेवढीच लोकर कमी पडणार. त्या रंगाची मिळत नाही म्हणे, दुकानात संपली. अर्धी-अर्धी दिसू नये म्हणून ती बाही सगळीच पांढरी करावी लागणार. मी म्हटलं, मूल काय रंग बघणार आहे? तिने ताट जरा जोरात ठेवलं. दीड वीत लोकरीसाठी एवढं? माणसाने मन मोठं ठेवावं.

२७ मार्च

हिने माझ्या पाठीमागे कोपऱ्यावरच्या ट्रॅव्हल्सवालीकडे जाऊन चौकशी केली! म्हणते, अजून थांबलो तर आपल्या आधी बाळ पोचेल. मग मला जाणं भागच पडलं, निदान देखरेख करायला.

ट्रॅव्हल्सवालीने आधी मधे थांबणारी विमानं दाखवली. मधल्या शहरात चार तास थांबा. मी म्हटलं, चार तासांत ते लोक काय करतात? डेपोत चहाला दहा मिनिटं देत होतो आणि ड्रायव्हर वेळेवर परत येत होते. ती बाई हसली. हसण्यासारखं काय होतं? मग म्हणाली, काका, थेट विमान घ्या, एकदा बसलात की उतरलातच. हे ‘एकदा बसलात की’ मला आवडलं नाही. मधे कुठे उतरण्याची सोयच नाही, हा त्या सेवेतला मोठा दोष आहे. मी तो तिथेच तोंडी नोंदवला.

मी आणखी एक आठवडा विचाराला मागत होतो. हिने पर्स उघडली आणि तिकिटं काढली. १२ एप्रिल, ०:४०. थेट विमान. दोन सीट, शेजारी शेजारी. परत येताना रस्त्याने हिचा चेहरा इतका फुलला होता की मी रागवायचं उद्यावर ढकललं.

२८ मार्च

रागावलो. फारसा उपयोग झाला नाही. ती गुणगुणत पांढरी बाही विणत होती.

२ एप्रिल

संकल्प: पंधरा तास बसण्याची रंगीत तालीम. वेळापत्रक प्रत्यक्ष चालवून बघितल्याशिवाय मंजूर करायचं नाही, हा माझा जुना नियम. सकाळी सहाला जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला लावून बसलो. समोर दुसरी खुर्ची, गुडघ्यांना टेकेल इतकी जवळ. पट्टा म्हणून माझाच कंबरपट्टा, खुर्चीच्या पाठीतून ओवलेला. हिला सांगितलं, हवाई सुंदरीचं काम तू कर, दर चार तासांनी चहा. तिने कपाळाला हात लावला, पण चहा दिला.

सात वाजेपर्यंत उत्तम.

साडेसातला दूधवाला आला, उठावं लागलं. त्यात माझा दोष नाही. परत बसलो. आठला मान अवघडली. डोळे मिटून विमानात आहे अशी कल्पना केली. ती करायला नको होती. घाम फुटला, पट्टा सुटेना, खुर्चीसकट उभा राहिलो आणि खुर्चीसकट बॅगेवर आपटलो. ती बॅग! महिनाभर मी सांगतो आहे!

निष्कर्ष: त्या खुर्चीची पाठ फार सरळ आहे. तालीम यशस्वी.

७ एप्रिल

झोप नाही. विमान कंपनीचा राग इतका आहे की छातीत धडधडतं. डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी तपासून विचारलं, कसली काळजी करता आहात का? मी म्हटलं, काळजी नाही, संताप. त्यांनी एक गोळी लिहून दिली, प्रवासाच्या दिवशी घ्यायची. संतापावर गोळी निघाली आहे हे मला माहीत नव्हतं.

११ एप्रिल, सकाळी

उद्या निघायचं. सगळं माझ्या हातात आहे. टॅक्सी उद्या रात्री आठची.

विमान कंपनीचा फोनवर मेसेज: आपलं विमान आज रात्री आहे. आज रात्री! तिकिटावर स्वतः १२ तारीख छापतात आणि वर ‘आज रात्री’! यांच्या वेळापत्रक विभागात बसलंय कोण? थोड्या वेळाने तोच मेसेज पुन्हा. हिच्या फोनवरही. ही घाबरली. अहो, आज तर नाही ना, म्हणते. तिला समोर बसवून शांतपणे समजावलं. १२ तारखेची रात्रीची ०:४० ची गाडी म्हणजे १२ तारीख उजाडणार, दिवस जाणार, रात्र होणार आणि मग ०:४०. शेवटची गाडी. कोणत्याही डेपोत जाऊन विचार.

म्हणाली, ट्रॅव्हल्सवालीला विचारते. आज रविवार, दुकान बंद. म्हणाली, औषधवाल्यांना विचारते. तिथे माझा आवाज चढला. मी म्हटलं, पस्तीस वर्षं एक गाडी चुकू दिली नाही, आणि आता खोकल्याच्या बाटल्या विकणाऱ्याकडून वेळ शिकू? ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं, तुम्ही म्हणता तर तसंच असेल. आणि निवांत झाली. वेळेच्या बाबतीत ती माझा शब्द कधी मोडत नाही.

मेसेजचा त्रास नको म्हणून दोघांचे फोन बंद करून चार्जिंगला लावले आहेत. उद्या भरलेली बॅटरी लागेल.

१२ एप्रिल, सकाळी

महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोप लागली. मन किती शांत आहे. माणसाची तयारी पक्की असली की असं होतं.

१२ एप्रिल, संध्याकाळी

लिहावंसं वाटत नाही. पण नोंद हवी.

दुपारचा चहा झाला होता. हिने प्रवासाचे कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवले होते. स्वेटर बॅगेत सगळ्यात वर, एक बाही पांढरी. बेल वाजली. दारात औषधवाले, हातात त्यांचा फोन. तुमची लेक आहे, म्हणाले, तुमचे फोन लागत नाहीत म्हणते. आणि माझ्याकडे असं बघितलं की मला तेव्हाच समजायला हवं होतं.

मी फोन घेतला. मागे खूप गलका, लोकांचा, चाकांच्या गाड्यांचा. मुलगी म्हणाली, बाबा, आम्ही पहाटेपासून विमानतळावर उभे आहोत. सगळे उतरून गेले. तुम्ही दोघं दिसत नाही म्हणून आम्ही त्यांच्या ऑफिसात विचारलं, ते म्हणतात तुम्ही बसलाच नाहीत. बाबा, तुम्ही कुठे आहात?

मी म्हटलं, घरी. आमचं विमान आज रात्रीचं आहे.

ती म्हणाली, बाबा, बारा तारीख रात्री बाराला सुरू होते हो. आणि रडायला लागली. जावयांनी फोन घेतला, त्यांनीही काही ठपका ठेवला नाही, एवढंच म्हणाले की तिला बसवायला खुर्ची बघतो, पाय सुजलेत तिचे. नवव्या महिन्यात कुणी विमानतळावर जातं का? मी पाठवलं होतं का तिला?

फोन ठेवला आणि वळलो. ही तिथेच उभी होती. सगळं ऐकलं होतं.

चूक विमान कंपनीची आहे, हे मी इथे स्पष्ट नोंदवतो. ०:४० अशी वेळच अस्तित्वात नसते. चोवीस चाळीस लिहा. आम्ही तेच लिहायचो.

१३ एप्रिल

ही बोलत नाही. काल संध्याकाळपासून एक अक्षर नाही. चहा ठेवते, कप समोर आणून ठेवते, जाते. मी खुलासा तयार केला होता, मुद्देसूद. ऐकायला कुणी नाही.

दुपारी स्वतःच ट्रॅव्हल्सवालीकडे निघाली. मी मागोमाग. ट्रॅव्हल्सवाली भली बाई, खूप फोनाफोनी करून म्हणाली, काका, सोळा तारखेच्या थेट विमानात दोन सीट मिळतायत. आणि बोटाने दाखवून म्हणाली, सोळा म्हणजे पंधराच्या रात्री घरातून निघायचं हं.

मी तिथेच सांगितलं की ज्या कंपनीने इतका घोळ घातला, तिने लेखी माफी मागितल्याशिवाय मी तिच्या विमानात पाऊल ठेवणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

हिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्रॅव्हल्सवालीला म्हणाली, एकच काढा. चोवीस तासांत उच्चारलेले हे तिचे पहिले दोन शब्द.

१३ एप्रिल, जेवणानंतर

बोलली. बोलली ती अशी की ताट तसंच राहिलं.

म्हणाली, तुम्हाला भीती वाटते हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. जत्रेतल्या पाळण्यातून उतरून तुम्ही पाळणेवाल्याशीच भांडला होतात, तेव्हापासून. माझी तक्रार भीतीची नाही. मला सांगितलं असतं तर पंधरा तास तुमचा हात धरून बसले असते. तुम्ही सांगितलं नाही. तुम्ही कंपनीला शिव्या दिल्या, वाऱ्याला दिल्या, औषधवाल्यांना दिल्या, माझी लोकर कापली. बाकी कशात नाही, पण वेळेच्या बाबतीत मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. आणि माझी पोर सुजल्या पायांनी तिथे उभी राहिली.

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

तिचं म्हणणं एकांगी आहे. पाळण्याचा नट खरंच सैल होता.

१६ एप्रिल, सकाळी सात

(लोकांच्या हिशेबाने लिहिली आहे तारीख.)

रात्री औषधवाल्यांनी त्यांच्या गाडीने विमानतळावर नेलं. तासभर आधी त्यांनीच हिला सगळं समजावलं, कुठे उभं राहायचं, पट्टा कसा लावायचा, कानात दडे बसले तर काय करायचं. ही शाळेतल्या मुलीसारखी मान डोलवत होती. तीसुद्धा आयुष्यात पहिल्यांदाच बसणार होती. हे माझ्या आत्तापर्यंत लक्षात आलं नव्हतं.

दाराशी मी म्हटलं, सांभाळून. ती म्हणाली, डबा फ्रीजमध्ये आहे, दोन दिवसांचा. आणि बॅग ओढत आत गेली. मागे वळून बघेल म्हणून थांबलो होतो. पुढे रांग होती, तिला वळता आलं नसेल.

विमान सुटेपर्यंत बाहेरच थांबलो. परत येताना डोक्यावरून एक विमान गेलं. औषधवाले म्हणाले, हेच ते, बघा. मी वर बघितलं नाही. मान अवघडलेली आहे, खुर्चीच्या तालमीपासून.

१६ एप्रिल, पावणेदहा

जावयांचा फोन. रात्रीच अचानक कळा सुरू झाल्या. डॉक्टरांच्या तारखेआधी. मुलगी झाली. दोघी सुखरूप. जावई रडत होते आणि हसत होते. बाबा, सगळ्यात आधी तुम्हाला सांगतोय, म्हणाले, आईंना आत्ता सांगता येणार नाही ना.

मी हो म्हटलं. दोनदा म्हटलं बहुतेक.

सगळ्यात आधी मला कळलं. हिला कळायला अजून सहा तास. सवयीने हाक मारली, अगं ऐकलंस का. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलोही. हॉलमधून जाताना बॅगेला वळसा घातला. बॅग नव्हती.

हिचा फोन लावला. बंद. लागणार नाही हे माहीत होतं, तरी पुन्हा लावला. औषधवाल्यांचं दार वाजवलं, रात्रीच्या जागरणाने झोपले होते, त्यांच्या सुनेने उघडलं. तिला म्हटलं, काही नाही, सहज. खाली ट्रॅव्हल्सवालीकडे गेलो. तिच्याकडे गिऱ्हाईक होतं. उभा राहिलो थोडा वेळ आणि आलो.

गोल टेबलावर आहे. लोकरीचा तुकडाही आहे. ही आत्ता कुठे असेल ते बघितलं. बर्फावर कुठेतरी.

मग रोजनिशी काढली आणि जन्मवेळ लिहायला गेलो. विचारलीच नाही. पस्तीस वर्षं वेळ नोंदवली आणि नातीची विचारायची राहिली. तिकडे मध्यरात्रीच्या आसपासच झाली असणार. पंधरा की सोळा, तेही माहीत नाही. जावयांना पुन्हा फोन करायला हवा. पण हा प्रश्न मीच विचारला तर मुलगी काय म्हणेल, म्हणून केला नाही.

१६ एप्रिल, संध्याकाळी सहा

विमान वेळेवर पोचलं. अगदी वेळेवर. तक्रारीला जागा नाही.

हिचा फोन दवाखान्यातून. जावयांनी विमानतळावरच सांगितलं होतं. आवाज बसलेला. म्हणाली, तुमच्यासारखं कपाळ आहे. आठीसुद्धा आहे. डबा खाल्लात का? मी म्हटलं, खाल्ला. (खाल्ला नाही.) विमान कसं होतं विचारलं. म्हणाली, हललं दोन-तीनदा. शेजारी एक म्हातारी होती, तिने माझा हात धरला होता, मी तिचा धरला.

मग म्हणाली, जावई म्हणतायत पुढच्या विमानात एक सीट आहे. खिडकीची नाही, मधल्या ओळीतली. तारखेचं ते सगळं बघतील, तुम्हाला काही करायचं नाही. येता?

मागे बाळ रडत होतं. पहिल्यांदा ऐकलं. चांगला खणखणीत आवाज आहे.

मी म्हटलं, अंतराचा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे.

ही म्हणाली, बरं, ठेवते.

हिशेब केव्हाच पुरा झालेला आहे. दीड वीत.